हत्तीन, 1187: भरलं पाणी सोडून सैन्य माळावर का गेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 4 जुलै 1187 रोजी पॅलेस्टाईनमधल्या हत्तीन इथे सलाहुद्दीनने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं जवळजवळ सगळं सैन्य एका लढाईत संपवलं. तीन महिन्यांत जेरुसलेमही गेलं. पाण्याची चांगली सोय असलेला तळ सोडून ते सैन्य भर उन्हाळ्यात कोरड्या माळावर कशाला गेलं? धर्मवेडापायी डोकं फिरलं होतं म्हणून? की सलाहुद्दीन खरोखरच इतका अचाट सेनापती होता?

माझी नोकरी सैन्याच्या रसद-पुरवठ्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी लष्करी इतिहास शिकवतो, त्यामुळे उत्तर दाणापाण्याच्या अंगाने जाईल. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. श्रद्धा दोन्ही बाजूंना होती आणि भरपूर होती. पण सैन्य तळावरून हललं ते जेरुसलेमचा राजा गी याच्यामुळे. चार वर्षांपूर्वी अगदी अशाच प्रसंगी हा माणूस लढाई टाळून बसला होता. ते लष्करीदृष्ट्या बरोबर होतं, तरी त्यापायी त्याची नाचक्की झाली आणि अधिकार गेला. 1187 मध्ये त्याला दुसऱ्यांदा न लढणं परवडणार नव्हतं. बाकीचं काम उन्हाने केलं.

पार्श्वभूमी चटकन उरकतो. 1095 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप अर्बन दुसरा याने पूर्वेकडच्या मोहिमेची हाक दिली आणि 15 जुलै 1099 रोजी पश्चिम युरोपच्या सैन्याने जेरुसलेम घेतलं. शहरात मोठी कत्तल झाली. मग एडेसा, अँटिओक, त्रिपोली आणि जेरुसलेम अशी चार ख्रिस्ती राज्यं उभी राहिली, एडेसा सोडलं तर किनारपट्टीला धरून. यांना स्थानिक लोक सरसकट ‘फ्रँक’ म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांना जमलं याचं एक मोठं कारण म्हणजे समोरचे मुस्लिम सत्ताधीश एकमेकांत भांडत होते. दमास्कस, अलेप्पो, मोसुल, कैरो, प्रत्येकाची चूल वेगळी. झंगीने 1144 मध्ये एडेसा परत घेतलं, त्याच्या मुलाने, नूरुद्दीनने, 1154 मध्ये दमास्कस ताब्यात आणलं. त्याचाच सरदार सलाहुद्दीन 1169 मध्ये इजिप्तचा वजीर झाला, 1171 मध्ये त्याने तिथली फातिमी खिलाफत संपवली आणि 1174 मध्ये धनी वारल्यावर दमास्कस गाठलं.

यानंतरची बारा वर्षं पाहण्यासारखी आहेत. 1174 ते 1186 या काळात सलाहुद्दीनने फ्रँकांपेक्षा जास्त शक्ती खर्च केली ती अलेप्पो आणि मोसुलच्या मुस्लिम राज्यकर्त्यांना वाकवण्यात. 1183 मध्ये अलेप्पो आलं, 1186 मध्ये मोसुलने त्याचं वर्चस्व मान्य केलं. मगच तो पुरती ताकद घेऊन जेरुसलेमकडे वळला. दोन धर्म सतत एकमेकांच्या नरडीवर बसलेले होते, असं चित्र डोक्यात असेल तर ते जरा बाजूला ठेवा. 1184 मध्ये स्पेनमधून आलेला मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर दमास्कसहून अक्रा बंदराकडे गेला, तेव्हा एकीकडे सलाहुद्दीन फ्रँकांच्या केरक किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि दुसरीकडे व्यापाऱ्यांचे तांडे दोन्ही मुलखांतून बिनदिक्कत ये-जा करत होते. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं आहे. जकात मात्र दोन्हीकडे चोख वसूल होत होती.

आता 1183 कडे येतो. हत्तीन समजायचं असेल तर सुरुवात इथून करायला हवी आणि नेमकी हीच मोहीम लोकप्रिय वर्णनांतून गळते.

जेरुसलेमचा राजा बाल्डविन चौथा याला कुष्ठरोग होता. रोग बळावल्यावर त्याने बहीण सिबिलाच्या नवऱ्याला, लुझिन्याँच्या गीला, राज्याचा कारभारी नेमलं. गी फ्रान्समधून आलेला, तिथल्या जुन्या सरदारांच्या डोळ्यांत खुपणारा. त्या शरद ऋतूत सलाहुद्दीन जॉर्डन ओलांडून आत आला आणि त्याने बैसान जाळलं. गीने सफ्फुरियाच्या झऱ्यांपाशी सैन्य गोळा केलं. त्या काळचा इतिवृत्तकार, टायरचा आर्चबिशप विल्यम, 1,300 नाइट (चिलखती घोडेस्वार) आणि 15,000 हून अधिक पायदळ असा आकडा देतो. हे सैन्य दक्षिणेकडच्या झऱ्यांवर जाऊन बसलं आणि तिथून हललंच नाही. सलाहुद्दीनने चिथावणी दिली, आसपासची गावं लुटली, तुकड्या पाठवून डिवचलं. फ्रँक पाणी धरून बसले ते बसलेच. आठवडाभराने सलाहुद्दीनची रसद आटली आणि तो निघून गेला.

रसदवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ही पूर्ण यशस्वी मोहीम आहे. शहर गेलं नाही, किल्ला गेला नाही, सैन्य शाबूत राहिलं. या राज्याची सगळी युद्धनीतीच त्यावर उभी होती. जहागिरींच्या बदल्यात राजाला हक्काने मिळणारे नाइट सुमारे पावणेसातशे. बाकी धर्मसंघांचे (म्हणजे व्रत घेतलेल्या लढवय्यांच्या संघटनांचे), भाडोत्री आणि यात्रेला आलेले. मोठं सैन्य उभं करायचं तर किल्ल्यांतली शिबंदी काढून आणावी लागे. ते सैन्य एकदा बुडालं की मागे किल्ले राखायला माणूस नाही. उलट बाजूचीही एक अडचण होती. सलाहुद्दीनचे सरदार आपापल्या इक्त्यांवरून, म्हणजे महसुली जहागिरींवरून, आलेले असत. सुगी आली, हिवाळा आला, लूट मिळेनाशी झाली की त्यांना घरचे वेध लागत. म्हणून फ्रँकांचं शहाणपण एवढंच होतं: पाण्यावर बसा, त्याला कंटाळू द्या, तो जाईल.

पण गीवर भित्रेपणाचा शिक्का बसला. एवढं मोठं सैन्य जमवून तलवार उपसली नाही, म्हणून सगळे तुटून पडले. बाल्डविनने त्याचं कारभारीपद काढून घेतलं. त्याच्यावर टीका करणाऱ्यांत असेही होते जे स्वतः त्या तळावर असताना पुढे जायला राजी नव्हते, असं म्हणतात. ते काहीही असो, गीने धडा घेतला, फक्त चुकीचा घेतला.

1185 मध्ये बाल्डविन वारला, 1186 मध्ये त्याचा लहानगा वारसही गेला. सिबिला राणी झाली आणि तिने गीला राजा केलं. त्रिपोलीचा काउंट रेमंड, जो बायकोच्या वारशाने तिबेरियासचाही धनी होता, त्याने हा राजा मानायला नकार दिला. नकार देऊन थांबला असता तर ठीक होतं, त्याने सलाहुद्दीनशी स्वतंत्र तह केला. दुसरीकडे मृत समुद्राच्या पलीकडच्या मुलखाचा धनी, शातियाँचा रेनाल्ड, याने शांततेचा करार चालू असताना दमास्कसकडे जाणारा एक मोठा तांडा लुटला. भरपाई द्यायला तो तयार नव्हता आणि राजाच्या अंगात त्याला द्यायला लावण्याचा जोर नव्हता. सलाहुद्दीनला युद्धाचं कारण आयतं मिळालं.

त्यातच 1 मे 1187 चा प्रसंग घडला. रेमंडने तहाप्रमाणे सलाहुद्दीनच्या टेहळणी तुकडीला आपल्या मुलखातून जायची परवानगी दिली होती. टेंपलर धर्मसंघाचा प्रमुख जेरार द रिदफोर सुमारे 130-140 नाइट घेऊन क्रेसनच्या झऱ्याजवळ या कित्येक पट मोठ्या तुकडीवर चालून गेला. हॉस्पिटलर संघाचा प्रमुख तिथेच मारला गेला, जेरार आणि मोजके काही निसटले. या हाराकिरीनंतर शरमेने म्हणा किंवा दबावाने, रेमंडने तह मोडून राजाशी समेट केला. वरवर एकी झाली, आतून एकाचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता.

जूनअखेर सफ्फुरियावर पुन्हा तसाच तळ पडला. नाइट सुमारे 1,200, हलकं घोडदळ आणि पायदळ धरून एकूण पंधरा ते वीस हजार, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज. यातल्या काहींचा पगार इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याच्या पैशातून निघाला होता. आर्चबिशप बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने तो पैसा जेरुसलेममध्ये धर्मसंघांकडे ठेवला होता. तो पुढे स्वतः येईल तेव्हा वापरायचा होता, जेरारने तो आताच काढून दिला. म्हणजे दुसऱ्याचा पैसा न विचारता खर्च झालेला. एवढं करून काही न करता सैन्य घरी पाठवायचं, तर हिशेब कुणाला आणि कसा देणार?

सलाहुद्दीनकडे साधारण तीस हजार लोक होते, त्यात बारा हजारांच्या आसपास नियमित स्वार. जॉर्डन ओलांडून त्याने कफ्र सब्त इथे उंचावर मुख्य तळ ठेवला आणि 2 जुलैला एक भाग घेऊन तिबेरियास शहरावर हल्ला केला. शहर पडलं. गढीत रेमंडची बायको एस्किव्हा अडकली. तिचा निरोप संध्याकाळी सफ्फुरियाला पोचला.

त्या रात्रीची मसलत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ज्याची बायको वेढ्यात होती, तोच उठून म्हणाला की जाऊ नका. रेमंडचं म्हणणं असं होतं: शहर माझं, बायको माझी, नुकसान माझं. भिंती पाडल्या तर पुन्हा बांधीन, बायकोला धरलं तर खंडणी भरून सोडवीन. मधल्या वाटेवर सैन्याला पुरेल असं पाणी नाही आणि तो आपल्याला बाहेर काढण्यासाठीच हे करतोय. सरदारांना पटलं, राजाला पटलं, मसलत उठली. मग रात्री उशिरा जेरार एकटा राजाच्या तंबूत गेला. ज्याने शत्रूशी तह केला होता त्या माणसाचं ऐकता? राजा होऊन वर्ष झालं नाही आणि डोळ्यांसमोर शहर जाऊ देता? अशा आशयाचं तो बोलला असं इतिवृत्तं सांगतात. जेरारचं रेमंडशी जुनं वैर होतं. त्याला हवी असलेली एक वारसदार मुलगी रेमंडने पैसेवाल्या पिसाच्या व्यापाऱ्याला दिली होती, असंही नमूद आहे.

पहाटे कूच करण्याचा हुकूम सुटला. कारण विचारायला आलेल्या सरदारांना राजाने उत्तर दिलं नाही.

यात धर्म कुठे आहे? आहे. सैन्याबरोबर येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडाचा पवित्र अवशेष होता आणि अक्राचा बिशप तो घेऊन चालत होता. पण तो 1183 मध्येही बरोबर असायला हरकत नव्हती आणि तसाच क्रूस घेऊन या राज्याची सैन्यं कित्येकदा लढाई टाळून परतली होती. निर्णय फिरवला तो क्रुसाने नाही. चार वर्षांपूर्वी डोक्यावर बसलेल्या शिक्क्याने फिरवला.

आता पाण्याचा हिशेब मांडू. उन्हाळ्यात कूच करणाऱ्या माणसाला दिवसाला निदान पाच लिटर पाणी लागतं, चिलखत घालून लढणाऱ्याला त्याहून जास्त. कामावरच्या घोड्याला तीस लिटर कमीच म्हणायचं. माणसं पंधरा हजार आणि सगळी जनावरं मिळून सहा हजार धरली, तर एका दिवसाला अडीच लाख लिटर होतात. हा माझा ढोबळ अंदाज आहे. आपल्याकडे दुष्काळात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर रोज पंचवीस टँकर. हेच पाणी पखालींतून न्यायचं तर एका खेचरावर फार तर शंभर लिटर, म्हणजे अडीच हजार खेचरं आणि ती खेचरंही पाणी पिणार. थोडक्यात, मोठ्या सैन्याला पाणी वाहून नेता येतच नाही, ते पाण्यापासून पाण्यापर्यंतच चालू शकतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य याच प्रदेशात इजिप्तकडून शिरलं तेव्हा त्यांनी सिनाईच्या वाळवंटातून रेल्वे आणि नाईलच्या पाण्याची पाइपलाइन टाकत टाकत वाट काढली. हैफा घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे भारतीय स्वार 1918 मध्ये याच सैन्यात होते. सातशेहून अधिक वर्षांत शस्त्रं बदलली, घोड्याची तहान तेवढीच राहिली.

सफ्फुरिया ते तिबेरियास अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. मोकळ्या रस्त्याने एक दिवसाची चाल. अंगावर तिरंदाज घेऊन चालणाऱ्या सैन्याची एक दिवसाची चाल नव्हे.

3 जुलै, शुक्रवार. बिनीला रेमंड, कारण ज्याच्या मुलखातून जायचं तो पुढे, अशी रीत होती. मधे राजा आणि क्रूस, पिछाडीला टेंपलर, हॉस्पिटलर आणि इबेलिनचा बालियन. घोडेस्वार आत आणि पायदळ बाहेरच्या अंगाने. ही रचना नीट लक्षात घ्या, पुढे तिचाच विस्कोट होतो. नाइटचा घोडा म्हणजे त्याचं सगळं सामर्थ्य आणि तो बाणाला सहज बळी पडतो. पायदळातले आडव्या धनुष्याचे तिरंदाज तुर्क स्वारांना लांब ठेवतात, म्हणून घोडे जगतात आणि योग्य क्षणी एकदाच हल्ला चढवतात. पायदळाला घोडेस्वारांची गरज, घोडेस्वारांना पायदळाची. ही जोडी फुटली की दोघंही संपले.

वाटेत तुरान गावाचा झरा लागला. सकाळचीच वेळ होती. एवढ्या सैन्याला तो पुरणारा नव्हता, पण काही तरी होतं. राजाने तिथे मुक्काम केला नाही, पुढे निघाला. का, हे आजही वादाचं आहे. माझ्या मते त्याला वाटलं असावं की एका दमात तिबेरियास गाठू. सलाहुद्दीनला बातमी लागताच त्याने तिबेरियासचा वेढा थोड्या लोकांवर सोपवला, बाकीचं सैन्य घेऊन आला आणि दोन्ही बाजूंनी तुकड्या मागे पाठवून तुरानचा झरा ताब्यात घेतला. त्या क्षणीच खरं तर लढाईचा निकाल लागला. पुढे शत्रू, मागचं पाणी तुटलं आणि वर जुलैचं ऊन.

पिछाडीवर बाणांचा मारा इतका सुरू झाला की टेंपलरांनी निरोप पाठवला, आता पाऊल पुढे पडत नाही. राजाने मस्काना इथे थांबायचं ठरवलं. बिनीवरचा रेमंड हे ऐकून ओरडला म्हणतात की आता युद्ध संपलं, आपण मेलो. रात्र बिनपाण्याची गेली. समोरच्या तळावर मात्र तिबेरियासच्या सरोवरातून उंटांवर पाणी येत होतं आणि ते खड्ड्यांत साठवलं जात होतं. बाणांचे भारे सबंध सैन्यात वाटले जात होते, शिवाय रणांगणात फिरून बाण पुरवण्यासाठी सत्तर उंट वेगळे ठेवले होते. सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन याने ही तयारी अभिमानाने लिहून ठेवली आहे. दारूगोळा पुरवणारी फिरती तुकडी बाराव्या शतकात! मी वर्गात इथे नेहमी थांबतो.

सकाळी सलाहुद्दीनने घाई केली नाही. ऊन चढू दिलं. वाऱ्याची दिशा पाहून वाळलेलं गवत आणि झुडपं पेटवली, धूर फ्रँकांच्या तोंडावर गेला. फ्रँक उत्तरेकडच्या हत्तीनच्या झऱ्याकडे सरकायला पाहत होते, अंतर फार नव्हतं. पण पायदळाचा धीर सुटला. रांग सोडून ते जवळच्या टेकडीवर चढले. हत्तीनची शिंगं म्हणतात तीच ही, विझलेल्या ज्वालामुखीची दोन सुळक्यांची टेकडी. तिच्यावरून खाली सरोवराचं निळं पाणी लख्ख दिसतं. राजाने, बिशपांनी खाली बोलावलं, पायदळ उतरलं नाही. आम्ही तहानेने मरतोय, लढणार नाही, एवढंच उत्तर आलं. जोडी फुटली.

यानंतर घोडे पडत गेले. रेमंडने हल्ला चढवला तेव्हा सलाहुद्दीनचा पुतण्या तकीउद्दीन याने रांग उघडून त्याला सरळ जाऊ दिलं आणि मागून बंद केली. रेमंड बाहेर पडला, परत येणं अशक्य होतं, तो निघून गेला आणि त्याच वर्षी वारला. पुढे कित्येक शतकं फितूर म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली गेली. मला तसं वाटत नाही, आदल्या रात्री त्याने दिलेला सल्ला फितुराचा नव्हता. पिछाडीकडून बालियनही निसटला. राजा टेकडीवर तंबू ठोकून उरलेल्यांसह लढत राहिला आणि थकल्या घोड्यांवरून त्यांनी सलाहुद्दीनच्या दिशेने दोनदा हल्ले केले. सलाहुद्दीनचा सतरा वर्षांचा मुलगा अल-अफदल बापाशेजारी होता. त्याच्याच तोंडची आठवण इतिहासकार इब्न अल-अथीरने दिली आहे. फ्रँक मागे हटले की पोरगा ओरडायचा, आपण जिंकलो! शेवटी बाप म्हणाला, गप्प बस, तो तंबू पडत नाही तोवर आपण जिंकलेलो नाही. तेवढ्यात तंबू पडला. सलाहुद्दीन घोड्यावरून उतरला, जमिनीला डोकं टेकवलं आणि रडला. जिंकणाऱ्यालाही शेवटच्या घटकेपर्यंत खात्री नव्हती, हे यातून कळतं.

क्रूस गेला, तो वाहणारा बिशप मेला, राजा कैद झाला. तंबूत सलाहुद्दीनने राजाला बर्फाचं गार सरबत दिलं. राजाने उरलेलं रेनाल्डच्या हाती दिलं, तेव्हा सलाहुद्दीनने दुभाष्याकरवी सांगितलं की याला मी पाजलेलं नाही. पाहुणचार घेतलेल्या कैद्याला मारायचं नाही, हा रिवाज होता, म्हणून हा खुलासा. मग त्याने रेनाल्डला स्वतःच्या तलवारीने मारलं. टेंपलर आणि हॉस्पिटलर कैद्यांना, दोनशेच्या वर लोकांना, नंतर ठार करण्यात आलं आणि त्यासाठी सैन्याबरोबरच्या सूफींना, विद्वानांना पुढे केलं गेलं. इथे धर्म उघड दिसतो. हिशेबही दिसतो. हे लोक खंडणी भरून सुटत नाहीत, सुटले तर पुन्हा लढायला येतात. राजा आणि मोठे सरदार मात्र जिवंत ठेवले. साध्या पायदळ्यांची रवानगी गुलामांच्या बाजारात झाली आणि दमास्कसमध्ये माल इतका आला की भाव तीन दिनारांवर घसरला. एकाने तर एक जोडा घेऊन कैदी दिला, अशी नोंद आहे.

किल्ल्यांतली माणसं काढून आणलेली होती, त्यामुळे पुढे नुसती चाल उरली. अक्रा काही दिवसांत, ऑगस्टमध्ये बैरूत, सप्टेंबरमध्ये अस्कलान आणि 2 ऑक्टोबरला जेरुसलेम. बालियनने शरणागतीच्या अटी ठरवल्या: पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच, आणि गरिबांसाठी एक ठोक रक्कम. 1099 सारखी कत्तल झाली नाही. ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत असे हजारो लोक गुलाम झाले, हेही त्याच तहात होतं. सलाहुद्दीनच्या उदारपणाच्या गोष्टी सांगताना हा भाग वगळायची पद्धत पडली आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग, सलाहुद्दीन इतका अचाट होता का? हत्तीनला त्याने एकही चूक केली नाही, हे मान्य. पण लगेच पुढचं पाहा. शरण आलेल्या प्रत्येक शहरातल्या फ्रँकांना तो टायर बंदरात जाऊ देत राहिला. तिथे जुलैमध्येच इटलीतला सरदार, माँफेराचा काँराड, जहाजाने येऊन ठेपला होता. नोव्हेंबरमध्ये सलाहुद्दीन टायरला वेढा घालून बसला, तोवर तिथली तटबंदी मजबूत झाली होती, माणसं भरपूर होती. त्याची जहाजं गमावली गेली, पावसाळी थंडी सुरू झाली, सरदार थकले, पैसा संपत आला आणि जानेवारी 1188 उजाडताच तो उठला. 1183 मध्ये त्याला ज्या कारणाने माघारी जावं लागलं, तेच कारण. इब्न अल-अथीरने याचा ठपका थेट सलाहुद्दीनवर ठेवला आहे, आणि तो मुस्लिम इतिहासकार आहे. कैदेतून सुटलेला गी 1189 मध्ये त्याच टायरजवळून अक्राला वेढा घालायला निघाला आणि तिसरं क्रुसेड, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातून आलेली पुढची मोठी मोहीम, त्याच वेढ्याभोवती जमा झालं.

हत्तीनचं उलटं चित्र पाहायचं असेल तर या क्रुसेडमधल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डची 1191 मधली चाल पाहा. अक्रा 12 जुलैला पडलं. 20 ऑगस्टला रिचर्डने सुमारे 2,700 मुस्लिम कैद्यांची कत्तल केली, तेही इथे सांगायलाच हवं. मग तो किनाऱ्याने जाफाकडे निघाला. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आतलं अंतर, त्याला अडीच आठवड्यांहून जास्त लागले. उन्हाआधी चालायचं, दुपारी थांबायचं, मधे दिवस दिवस विश्रांती. उजवीकडे समुद्र, समुद्रात बरोबर चालणारी रसदेची जहाजं. डावीकडे जाड गाद्यांसारखे अंगरखे घातलेलं पायदळ, निम्मे लोक झेलायला आणि निम्मे समुद्राकडेला आराम करायला, आळीपाळीने. सलाहुद्दीनच्या पदरचा बहाउद्दीन स्वतः पाहिलेलं लिहितो, की पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेली माणसं रांग न सोडता चालत होती. 7 सप्टेंबरला अर्सुफजवळ सलाहुद्दीनने सगळा जोर लावला आणि हरला. तोच सेनापती, तेच तिरंदाज. फरक पडला तो पाण्याने आणि न फुटलेल्या रांगेने.

धर्मवेडाच्या तर्कावर शेवटचं बोट मी इथेच ठेवतो. जून 1192 मध्ये रिचर्ड दुसऱ्यांदा बैत नुबाला पोचला, जेरुसलेमपासून वीसेक किलोमीटरवर. सलाहुद्दीनने शहराभोवतालच्या विहिरी आणि टाकी बुजवून, नासवून ठेवली होती. पुढे जायचं की नाही हे ठरवायला वीस जणांची समिती नेमली: पाच टेंपलर, पाच हॉस्पिटलर, पाच स्थानिक सरदार, पाच फ्रेंच. ज्यासाठी युरोपातून आले ते शहर एका दिवसाच्या चालीवर होतं आणि समितीने जाऊ नका असं सांगितलं. पाण्याशिवाय वेढा चालणार नाही, घेतलं तरी राखायला माणसं नाहीत, त्यापेक्षा इजिप्तवर जा. समितीतले निम्मे लोक धर्मसंघांचे होते, त्यातले पाच तर जेरारच्याच संघाचे. सैन्य माघारी वळलं. 2 सप्टेंबर 1192 रोजी तीन वर्षं आठ महिन्यांचा तह झाला: किनारा फ्रँकांकडे, जेरुसलेम सलाहुद्दीनकडे, अस्कलानची तटबंदी पाडून टाकायची आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना दर्शनाला मोकळीक.